टायपिस्टकाकू आणि वरचा बाण

संस्थेतला शेवटचा टाइपरायटर भंगारात गेला त्याला पंचवीस वर्षं झाली, तरी टायपिस्टकाकू अजून टायपिस्टकाकूच आहेत. त्यांच्या खोलीवर पितळी पाटी आहे, पाटीवर त्यांचं नाव आणि खाली ‘तांत्रिक विभागप्रमुख’ असा भारदस्त हुद्दा आहे. पण ते नाव घेऊन कोणी फाटकाशी आलं तर पहारेकरी डोकं खाजवत बसतो, आणि मग एकदम डोक्यात उजेड पडून म्हणतो, "टायपिस्टकाकू होय! मग तसं सांगा ना." या विभागाच्या प्रमुख त्या आणि बाकीचा विभागही त्याच, हेही आत्ताच सांगितलेलं बरं.

संस्था म्हणजे अंध माणसांसाठी चालवलेलं बोलक्या पुस्तकांचं ग्रंथालय. तळमजल्यावर काचेची एक बंद खोली आहे. तिच्यात बसून हौशी मंडळी पुस्तकं मोठ्यानं वाचतात आणि त्या वाचनाचं रेकॉर्डिंग होतं. शेजारी देवघेवीची खोली, जिथून ऐकणाऱ्यांना त्यांच्या ऐकायच्या यंत्रात पुस्तकं भरून मिळतात. जिना चढून वर गेलं की डावीकडे काकूंची खोली आणि बोळाच्या टोकाला कोठार. त्या कोठारात सगळ्या वाचनांच्या मूळ प्रती. चार खोल्या, चार कॉम्प्युटर आणि मधे बावीस पायऱ्या.

काकूंचं काम सफाईचं. माणूस वाचायला बसला की नुसता वाचत नाही. तो खोकतो, खाकरतो, खुर्ची करकरवतो, ‘थांबा हं, परत घेतो’ म्हणतो, आणि जेवून आलेला असेल तर ढेकरही देतो. हे सगळं शोधून कापायचं, आवाज सारखा करायचा, आणि कात्री लागल्याचा ऐकणाऱ्याला संशयसुद्धा येऊ द्यायचा नाही. हे सगळं काकू काळ्या पडद्यावर ओळी टाइप करून करतात. माउसला हात लावत नाहीत. "देवानं दहा बोटं दिलीत, त्यातल्या एकानंच काय टिचक्या मारत बसू?" असं त्यांचं म्हणणं. बत्तिसाव्या सेकंदापासून पस्तिसाव्यापर्यंत काप, इथला आवाज थोडा चढव, तिथली घरघर काढ, अशा त्या ओळी. या प्रत्येक ओळीला कमांड म्हणतात. ओळ लिहायची आणि एंटर दाबायचं, की काम झालं.

कॉम्प्युटर एक गोष्ट इमानानं करतो. टाइप केलेली प्रत्येक कमांड तो लक्षात ठेवतो. वरच्या बाणाचं बटण दाबलं की मागची ओळ पुढ्यात येते, पुन्हा दाबलं की तिच्याही मागची. पण ही स्मरणशक्ती स्वतःच्या खोलीपुरती. खाली काचेच्या खोलीत काल कोणती कमांड चालली, याचा वरच्या कॉम्प्युटरला पत्ताच नाही. एका घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या जावांसारखा कारभार. मग काकूंनी दुखरा गुडघा धरून बावीस पायऱ्या उतरायच्या, तिथल्या कॉम्प्युटरवर बाण दाबत दाबत महिन्यापूर्वीची ओळ शोधायची, चिठ्ठीवर उतरवून घ्यायची आणि पुन्हा चढायचं. निम्म्या वेळा वर आल्यावर कळायचं की चिठ्ठी खालीच राहिली.

नऊ वर्षांपूर्वी एकदा अशाच जिन्याच्या मधोमध दम खात उभ्या असताना त्यांना कार्बन पेपर आठवला. टायपिस्ट म्हणून लागल्या तेव्हा कुठलंही पत्र त्या चार प्रतींत काढायच्या: एक साहेबांना, एक फायलीला, एक हिशेबाला, एक आपल्याजवळ. एकदाच टाइप करायचं आणि चार ठिकाणी पोचायचं. मग आताच ही खालीवर करायची वेळ का यावी?

त्यानंतर तीन महिने काकू जेवणाच्या सुट्टीत डबा एका हातानं खात आणि दुसऱ्या हातानं जाडजूड मार्गदर्शिकेची पानं उलटत. कॉम्प्युटर दुरुस्तीला येणाऱ्या माणसानं नाक मुरडलं. "असं कोणी करत नाही हो." काकू म्हणाल्या, "मग मी करते." आणि खरंच केलं. रोज संध्याकाळी चारही कॉम्प्युटरांच्या ओळी एका जागी गोळा व्हायच्या, कुठली ओळ किती वाजता लिहिली त्या क्रमानं लागायच्या आणि पुन्हा चौघांना वाटल्या जायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्याही खोलीत बसा, काल कोणी कुठेही टाइप केलेलं पुढ्यात हजर. दुरुस्तीवाल्यानं ते पाहिलं आणि कसं केलं ते कागदावर उतरवून घेतलं.

पण त्यांची खरी करामत वेगळीच होती. कमांड लिहून झाली की तिच्या शेवटी # अशी चौकटीची खूण करून पुढे काहीही लिहिता येतं. कॉम्प्युटर ते वाचत नाही, पण ओळीबरोबर जपून ठेवतो. काकू तिथे प्रत्येक वेळी कारण लिहीत. ‘आज वाचकांचा घसा बसलेला, म्हणून आवाज चढवला.’ ‘हे करू नये, मागे पूर्ण प्रकरण बादलीत बोलल्यासारखं झालं.’ ‘आई म्हणतात इथे मांजर आहे. मी तीनदा ऐकलं. आहे.’ नऊ वर्षांच्या अशा ओळी. टाइप करणाऱ्या बाया आम्ही खूप पाहिल्या, पण आपण काय केलं याच्यापुढे का केलं हे रोज, प्रत्येक ओळीला, कोणी न सांगता लिहिणारी बाई एकच.

त्या ओळीतल्या आई म्हणजे काकूंच्या सासूबाई. वय त्र्याऐंशी, नजर साठीतच गेलेली, आणि कान असे की शेजारच्या घरात घड्याळ बंद पडलं तरी यांना कळावं. नवं रेकॉर्डिंग आलं की काकू कोठारातून मूळ प्रत घेऊन आधी सासूबाईंच्या डबीत भरत. डबी म्हणजे ऐकायचं छोटं यंत्र. बटण दाबलं की ते मिनिटं-सेकंदही बोलून सांगतं. सासूबाई दुपारी ऐकत आणि संध्याकाळी सून घरी आली की यादी सांगत: "चौथ्या मिनिटाला खोकला. अकराव्याला कोणीतरी दार लावलं. विसाव्याला त्यांचं पोट वाजलं गं, बिचाऱ्यांना खायला द्या काहीतरी." काकू ती यादी कागदावर उतरवून घेत आणि दुसऱ्या दिवशी तो कागद पडद्याशेजारी ठेवून टाइप करीत. टायपिस्टची शिकवणच ती, की नजर मजकुरावर हवी, बोटांवर नको. चाळीस वर्षांत काकूंनी आपल्या बोटांकडे पाहिलेलं नाही.

आता डेपोकाकांचं सांगायला हवं. मोठ्या बसडेपोत एकतीस वर्षं उद्घोषक म्हणून काढलेला हा माणूस. त्यांच्या आवाजात गाडी दोन तास उशिरा आहे हेसुद्धा ऐकून घ्यावंसं वाटे. निवृत्त झाले ते थेट काचेच्या खोलीत येऊन बसले, आणि अठरा वर्षांत शंभरावर पुस्तकं वाचून काढली. मग घशाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव राहील, आवाज राहणार नाही. ऑपरेशनची तारीख बारा दिवसांवर होती. डेपोकाकांनी घरी जाऊन पांघरूण घेतलं नाही. त्यांनी कपाटातून समुद्रप्रवासाचं एक जाडजूड पुस्तक उचललं, अकरा प्रकरणांचं, आणि रोज एक याप्रमाणे अकरा दिवसांत वाचून संपवलं.

शेवटच्या दिवशी जिन्याच्या तळाशी काकूंना गाठून ते म्हणाले, "ताई, अकराव्या प्रकरणाच्या शेवटी मी जरा वेडेपणा केलाय. ऐकाल तेव्हा पुस्तकात ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण तेवढा तुकडा मला हवाय हं. नंतर ऐकायला."

"जपून ठेवते, काका," काकू म्हणाल्या.

काकूंनी ऐकलं. पुस्तकाचं शेवटचं वाक्य संपतं, पुस्तक मिटल्याचा आवाज येतो, थोडा वेळ काहीच नाही. मग तोच आवाज, पण वाचनाचा नव्हे, डेपोतला: "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. फलाट क्रमांक चारवरून सुटणारी शेवटची गाडी आता सुटत आहे. कोणी राहिलं असेल त्यांनी लवकर यावं. आपलं सामान सांभाळावं. प्रवास सुखाचा होवो." जरा थांबून, अगदी हळू: "उद्घोषक आपली रजा घेत आहे." एकूण बेचाळीस सेकंद. त्या वेळी काचेच्या खोलीबाहेर कोणीही नव्हतं. रेकॉर्डिंग सांभाळणारा इसम काकांसाठी कोमट पाणी आणायला गेला होता.

काकूंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि त्यांना रडू आलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत ऑफिसात रडायची ही पहिलीच वेळ. मग डोळे पुसून त्यांनी विचार केला. हे माणसाचं खाजगी आहे; चारचौघांत वाजवायचं नाही. त्यांनी तो तुकडा कापून वेगळा केला आणि आपल्या कॉम्प्युटरवर ‘काम’ नावाच्या कप्प्यात पुस्तकाशेजारी ठेवला. कोठारातल्या मूळ प्रतीतूनही तो काढला, कारण मूळ प्रती दुसऱ्या ग्रंथालयांना जातात. आणि या दोन-तीन कमांड लिहिताना त्यांनी आधी एक मोकळी जागा सोडली. ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा असली की कॉम्प्युटर ती ओळ लक्षात ठेवत नाही. एरवी काकू ही सोय पासवर्डापुरती वापरत. या वेळी एका माणसाच्या अब्रूसाठी वापरली, आणि कोणाला ताकास तूर लागू दिली नाही.

पुढचे सहा आठवडे त्या पुस्तकावर गेले. आजारी घशाचं वाचन. मिनिटाला दोन खोकले. काकू एकेक कापत, ऐकत, पसंत नाही पडलं तर पहिल्यापासून करत. डेपोकाकांचं ऑपरेशन नीट झालं होतं, आणि घरी आल्यावर त्यांनी निरोप धाडला होता: शुक्रवारी येतो, माझं पुस्तक आणि तो तुकडा तयार ठेवा. घरी सासूबाईंनी मात्र या पुस्तकाला भलताच वेळ लावला. खोकल्यांची यादी त्यांनी केव्हाच दिली होती, पण काकू डबीत नवं पुस्तक भरायला गेल्या की हात झटकायच्या. "राहू दे गं ते. माझं अजून व्हायचंय." काकू मनात म्हणत, वय झालं आईंचं.

याच दिवसांत काकूंनी एक सुधारणा केली, आणि तिथेच माशी शिंकली. काचेच्या खोलीतल्या रेकॉर्डिंगवाल्याला सगळे ‘शांतता’ म्हणतात, कारण दिवसातून तीस वेळा बोट वर करून तो तेवढाच शब्द बोलतो. एकदा त्यानं गाऱ्हाणं केलं, "काकू, तुमची सकाळची ओळ मला संध्याकाळपर्यंत मिळत नाही. तेवढ्यात माझं काम खोळंबतं." काकूंना पटलं. त्यांनी अशी व्यवस्था केली की एका खोलीत एंटर दाबलं की ती ओळ त्याच घटकेला चारही खोल्यांत पोचावी. संचालकबाईंनी पाठ थोपटली. सगळे खूश.

आता ‘काम’ नावाचा कप्पा चारही कॉम्प्युटरांवर होता. शांतताच्या कॉम्प्युटरवर त्या कप्प्यात आदल्या दिवशीची रेकॉर्डिंग असत. रोज सकाळी तो ती कोठारात पाठवायचा, मग ‘काम’ रिकामं करायची कमांड द्यायचा, आणि किती जागा उरली ते बघायची दुसरी. काकूंच्या कॉम्प्युटरवर त्याच नावाच्या कप्प्यात समुद्रप्रवासाची अकरा साफ प्रकरणं होती, आणि बेचाळीस सेकंद.

बुधवारी सकाळी पावणेअकराला काकू शेवटची तपासणी करत होत्या. त्यांना मघाचीच ‘ऐकव’ ही कमांड पुन्हा हवी होती. ती दोन ओळी मागे होती. नजर सासूबाईंच्या यादीवर. बोटांनी न पाहता आपलं काम केलं: वरचा बाण, वरचा बाण, एंटर. पण तेवढ्या अवधीत खालून शांतताच्या दोन ओळी वर येऊन बसल्या होत्या.

हेडफोनमधून काहीच ऐकू येईना. काकूंना वाटलं वायर निघाली. ती दाबून पाहिली. मग त्यांनी मान वर करून पडदा बघितला. ‘काम’ रिकामं झालं होतं. पुसलेलं परत मिळायची सोय त्या कमांडीत नसते. सफाई पुरी होऊन पुस्तक पसंत झालं की मगच त्याची दुसरी प्रत निघे, आणि हे पुस्तक अजून पसंत व्हायचं होतं.

काकूंनी हेडफोन खाली ठेवला. मग उठल्या, बावीस पायऱ्या उतरल्या आणि काचेच्या खोलीच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "डेपोकाकांचं पुस्तक मी पुसलं."

शांततानं हातातलं काम टाकलं. काय झालं ते कळल्यावर तो म्हणाला, "काकू, कमांड तर माझी होती. चूक माझीच."

"तू तुझ्या खोलीत तुझं काम केलंस. एंटर माझ्या बोटानं दाबलं. उगाच दुसऱ्याची चूक अंगावर घेऊ नकोस, तुझ्या स्वतःच्या काय कमी आहेत?"

हेच त्यांनी संचालकबाईंना जाऊन सांगितलं, एक शब्द कमी-जास्त न करता. सांगितलं नसतं तर हे खपून गेलं असतं. वीज गेली, कॉम्प्युटर बिघडला, शंभर सबबी तयार असतात. संचालकबाईंनी कपाळाला हात लावला. "सहा आठवड्यांचं काम, काकू! शुक्रवारी त्यांना काय तोंड दाखवायचं?"

"सहा आठवडे लागणार नाहीत," काकू म्हणाल्या. "मूळ वाचन कोठारात आहे. आणि मी त्याला काय काय केलं ते चार ठिकाणी लिहिलेलं आहे."

मग जे झालं ते बघायला देवघेवीच्या खोलीतली माणसंही वर आली. काकूंनी सहा आठवड्यांच्या ओळी काढल्या. त्यांतून या पुस्तकाच्या वेगळ्या केल्या: तेराशे चाळीस. ‘हे चुकलं’, ‘बरं नाही लागलं’, ‘पुन्हा करते’ असं पुढे लिहिलेल्या बाजूला सारल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या शेऱ्यांची थट्टा केली तेच आता एकेक शेरा मोठ्यानं वाचून दाखवत होते, आणि काकू "घे", "सोड", "घे" म्हणत होत्या. उरलेल्या ओळी त्यांनी वेळेच्या क्रमानं लावल्या, कोठारातलं मूळ वाचन घेतलं, या वेळी पडद्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहिलं, आणि एंटर दाबलं.

पडद्यावर ओळी आपोआप धावू लागल्या. पहिल्या प्रकरणातला पहिला खोकला कापला गेला, मग दुसरा, मग दार, मग पोट. काकूंचे हात मांडीवर होते. शांतता कुजबुजला, "काकू, हे बघवत नाही. तुम्ही इथे बसलाय आणि तुमच्यासारखंच कोणीतरी तिथे काम करतंय."

"माझ्यासारखं नाही रे, मीच," काकू म्हणाल्या. "गेल्या महिन्यातली."

गुरुवारी दुपारी तीनपर्यंत अकराही प्रकरणं पुन्हा उभी राहिली, शेवटच्या खोकल्यापर्यंत साफ. लगोलग काकूंनी व्यवस्थाही बदलली: वरचा बाण दाबला की फक्त त्याच खोलीच्या ओळी येतील, दुसऱ्या खोलीची हवी असेल तर शोधून मागावी लागेल. शांतता चहा घेऊन आला, संचालकबाई स्वतः वर आल्या, सगळ्यांचे चेहरे खुलले. फक्त काकूंचा नाही. कारण त्यांनाच ठाऊक होतं की एक गोष्ट परत आलेली नाही, आणि ती येणार नाही.

त्यांनी चारही कॉम्प्युटर शोधले. शनिवारी कोठाराची प्रत घेतात ती डिस्क लावून पाहिली. तिच्यावरही कापलेलंच प्रकरण होतं. शांतताच्या कॉम्प्युटरवरचं तर त्याच आठवड्यात रोजच्यासारखं रिकामं झालेलं. आपण इतक्या नीटनेटक्या का आहोत, याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदा राग आला. नऊ वर्षांच्या ओळींत सगळं होतं, मांजरसुद्धा होतं. ज्या माणसानं विश्वासानं ‘मला हवाय’ म्हणून सांगितलं, त्याचा आवाज तेवढा नव्हता. आणि तो आता पुन्हा बोलून देऊ शकत नव्हता.

संध्याकाळी काकू घरी आल्या. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या.

"काय झालं गं?" त्या म्हणाल्या. "पिशवी खाली ठेवलीस ती टाकल्यासारखी."

दोन दिवस काकूंनी सगळ्यांना चूक सांगितली होती, पण दुःख कोणाला सांगितलं नव्हतं. ते आता सगळं बाहेर पडलं: जिन्याखालचं बोलणं, बेचाळीस सेकंद, मोकळी जागा. "आई, मी जपून ठेवते म्हटलं होतं त्यांना. उद्या ते येतील आणि मी काय देऊ?"

सासूबाईंनी मान तिरकी केली. "कुठलं म्हणतेस? ते शेवटच्या गाडीचं?"

काकूंनी मान वर केली. "तुम्हाला कसं माहीत?"

"आता घ्या! माझ्या डबीत आहे की ते. रोज दुपारी पडायच्या आधी लावते. म्हणून तर म्हणत होते, राहू दे ते."

मूळ वाचन डबीत भरलं तेव्हा काकूंनी अकरावं प्रकरण अजून ऐकलंच नव्हतं. ऐकायच्या आधीच, नेहमीसारखं, ते सासूबाईंकडे आलं होतं, आणि चारही कॉम्प्युटर शोधताना ही डबी त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. काकू त्यांच्या शेजारी खाली बसल्या. मग त्या म्हणाल्या, "अहो, पण मग तुम्ही यादीत का नाही सांगितलंत? एवढी दारं न् पोटं सांगितलीत!"

"यादी कापायच्या गोष्टींची असते ना?" सासूबाई म्हणाल्या. "ते कशाला कापायचं? मी ऐकलं आणि मला वाटलं, काय छान संपवलंय पुस्तक."

काकूंनी सासूबाईंचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. सासूबाईंनी शेवटी विचारलं, "चहा टाकतेस, की मी चाचपडत जाऊ?"

शुक्रवारी डेपोकाका आले. गळ्याला पांढरा रुमाल, खिशात छोटी वही आणि पेन्सिल. बरोबर त्यांची पत्नी. शांतता आज बोट वर करायचं विसरून दारात उभा राहिला. काकूंनी काकांना वर नेऊन आपल्या खुर्चीवर बसवलं आणि काहीही हातचं न राखता सगळं सांगितलं: पुसलं कसं, मिळालं कसं, डबी कोणाची. काकांनी वहीत लिहिलं: ‘आई रोज ऐकतात?’

"रोज. दुपारी झोपायच्या आधी."

काका हसले, आवाज नाही, नुसते खांदे हलले. मग लिहिलं: ‘एकतीस वर्षांत माझी घोषणा कोणी दुसऱ्यांदा ऐकली नव्हती. पुस्तकात राहू द्या.’

काकूंनी कॉम्प्युटर पुढे ओढला. डबीतून उतरवून घेतलेले बेचाळीस सेकंद अकराव्या प्रकरणाच्या शेवटी जोडायची आणि लगेच वाजवायची कमांड त्यांनी लिहिली. या वेळी आधी मोकळी जागा सोडली नाही. शेवटी चौकटीची खूण करून पुढे लिहिलं: ‘हे वाचकांचं स्वतःचं. मी कापलं होतं, ती माझी चूक. कोणीही कापू नये.’ मग त्या उठून बाजूला झाल्या.

"काका, एंटर तुम्ही दाबा. पण आधी ओळ वाचा, पूर्ण."

काकांनी ओळ वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग बटण दाबलं. पुस्तक मिटल्याचा आवाज आला, आणि खोलीत तो जुना, भरदार आवाज भरून राहिला: प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. काका पडद्याकडे बघत नव्हते. त्यांचे ओठ हलत होते, शब्दाला शब्द, न अडखळता. आणि ‘उद्घोषक आपली रजा घेत आहे’ या वाक्याला ते मिटले. पत्नीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काकू खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या.

ती ओळ त्या घटकेलाच चारही खोल्यांत पोचली होती. कोणीही कुठल्याही कॉम्प्युटरवर शोधली, तर शेऱ्यासकट पुढ्यात येते. शांततानं ती दोनदा शोधून पाहिली आहे.